सात निंबू, दोन पिशव्या आणि आठ उत्तरं

सात निंबू आहेत. काही हिरव्या पिशवीत टाकले, बाकीचे पिवळ्या पिशवीत. तर हिरवीत किती आणि पिवळीत किती?

एवढंच गणित. मोठ्या माणसाला विचारलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, की काहीतरी सांगायचं राहिलंय का, अर्धं गणित गिळलं का या बाईने. "अहो मॅडम, एका पिशवीतले तरी सांगा ना" असं मला एका पालकांनी खरंच म्हटलंय. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, आपण सगळे ज्या गणितांवर मोठे झालो त्यात तीन आकड्यांपैकी दोन दिलेले असायचे आणि तिसरा काढायचा असायचा. ४ आणि ३ मिळून किती. ७ मधून ४ गेले, राहिले किती. नाहीतर, ४ होते, अजून थोडे आणले, आता ७ झाले, तर आणले किती (हे जरा वाकडं, इथे पोरं अडकतात). पण दोन्ही भाग गायब, हातात फक्त बेरीज, आणि तरी "किती" विचारायचं, असं काही आपल्या वहीत कधी आलं नाही, आणि आलं असेल तर त्याला कोणी गणित म्हटलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चाळीसगाव तालुक्यात, पहिली आणि दुसरी माझ्याकडे. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. पोरं घरी अहिराणी बोलतात, पुस्तक बोलतं प्रमाण मराठी, त्यामुळे शाब्दिक उदाहरण म्हटलं की अर्धी लढाई भाषेचीच असते, गणित तर नंतर. म्हणून मी पहिल्यांदा तोंडी विचारते आणि पोरांच्याच बोलीत विचारते, "सात निंबू शेतस, काही हिरवी पिशवीमा टाकात, काही पिवळीमा, कितला कितला?" आणि मग गप्प राहते. हे गप्प राहणं जमायला मला बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण मास्तरकीचा धंदाच बोलण्याचा.

पोरं काय उत्तरं देतात ते ऐकण्यासारखं असतं. सगळ्यात पहिलं उत्तर येतं "नऊ". तुम्ही म्हणाल नऊ कुठून आलं? तर सात निंबू आणि दोन पिशव्या, सात आणि दोन नऊ. पोरांना कुठूनतरी कळलेलं असतं की गणितात आकडे असतात, ते शोधायचे आणि एकमेकांना जोडायचे, गोष्टीत काय चाललंय याच्याशी आपल्याला काही घेणंदेणं नाही. सहा वर्षांच्या लेकराला हे कोण शिकवतं कोणास ठाऊक, पण शिकलेलं असतं पक्कं. म्हणून मी आता प्रश्नात "दोन पिशव्या" म्हणतच नाही. हिरवी पिशवी, पिवळी पिशवी. आकडा एकच ऐकू गेला की त्या एका आकड्याचं काय करायचं हा विचार तरी सुरू होतो.

दुसरं उत्तर वाटणीचं. "तीन हिरवीमा, तीन पिवळीमा, आन एक?" "एक मी खाई लिसू." हे मला फार आवडतं, कारण पोरगं न्यायाने वागतंय, दोघांना सारखं, आणि उरलेल्याचा निकालही लावतंय. घरात भावंडांबरोबर असंच चालतं ना. पण गोष्टीत सारखं वाटा असं कोणी म्हटलेलंच नाही, ते पोराने स्वतःच्या मनाने घातलं. मग परत विचारायचं, सगळे सातच्या सात पिशवीत पाहिजेत, एकही बाहेर नको, आता सांग. आता मात्र ४ आणि ३ येतं. कोणीतरी ५ आणि २ म्हणतं. आणि इथे वर्गात खरी गंमत सुरू होते, कारण ४ आणि ३ वाला ५ आणि २ वाल्याकडे चोरासारखा बघतो. दोघं माझ्याकडे बघतात. कोण बरोबर? मी म्हणते मोजा. दोघं मोजतात, दोघांचे सात भरतात. मग एक जण विचारतो, आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, पन खरंखरं कितला शेतस?"

या प्रश्नावर मी बराच विचार केलाय. पोराचं म्हणणं अगदी रास्त आहे. पिशव्या आहेत, निंबू आहेत, कोणीतरी ते टाकलेत, म्हणजे आत्ता या घडीला हिरव्या पिशवीत एक ठरलेला आकडा आहेच की. जगात ३ आणि ४ आणि ५ एकाच वेळी एका पिशवीत नसतात. तू मला सांगत नाहीस म्हणून मला माहीत नाही, बस. मग त्याला "सगळी उत्तरं बरोबर" असं सांगणं म्हणजे त्याच्या मते सरळ सरळ फसवणूक. काही ट्रेनिंगमधे आम्हाला सांगतात की असे प्रश्न मुलांच्या सृजनशीलतेला वाव देतात वगैरे, पण पोराला वाव नको असतो, त्याला पिशवी उघडून बघायची असते.

म्हणून मी प्रश्न बदलला. आता मी निंबू टाकतच नाही. मी म्हणते, हे घे सात निंबू, तूच टाक, हिरवीत किती टाकशील आणि पिवळीत किती? एवढ्याने फार फरक पडतो. आता लपवलेलं काही नाही, ठरवणारा तोच. तो ६ आणि १ टाकतो, शेजारची २ आणि ५ टाकते, आणि कोणीच कोणाला चोर म्हणत नाही कारण दोघांनी वेगवेगळं काम केलंय. खरं किती हा प्रश्न उरतच नाही, उरतो तो "अजून कसं टाकता येईल" हा प्रश्न, आणि मला जिथे जायचंय ती जागा हीच. अमेरिकेत २०१० साली कॉमन कोअर नावाने शाळेच्या गणिताची मानकं आली, त्यात बेरीज-वजाबाकीच्या गोष्टी किती प्रकारच्या असतात याचा एक तक्ता आहे, आणि त्यात "दोन्ही भाग अज्ञात" हा वेगळा प्रकार म्हणून मांडलाय. तिथलं उदाहरण आजीच्या फुलांचं आहे, पाच फुलं, एक लाल फुलदाणी, एक निळी, आणि प्रश्न असा की आजी लाल फुलदाणीत किती ठेवू शकते आणि निळीत किती. ठेवू शकते! कोणी ठेवलेली नाहीत अजून. ज्याने लिहिलं त्याला पोरांच्या त्या प्रश्नाचा अनुभव असणार असं मला तरी वाटतं.

आमच्याकडे फुलदाण्या नाहीत. पण आखाजी आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खान्देशात पोरीबाळी माहेरी येतात, कडुनिंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, हे सगळं पोरांना तोंडपाठ. तर एकदा मी विचारलं, झाडाला एक मोठा झोका, एक लहान झोका, सात पोरी आहेत, कशा बसतील? आणि काय सांगू, वर्गात जे भांडण सुरू झालं ते घंटा झाली तरी थांबेना. लहान झोक्यावर तीन बसूच शकत नाहीत म्हणे, दोनच. मग दुसऱ्यावर पाच? पाच कशा बसतील, दोन बसतील दोन उभ्या राहतील. सात आणि शून्य असं मी हळूच सुचवलं तर एक पोरगी एकदम रागावून म्हणाली, "दोर तुटी जाई ना मॅडम!" म्हणजे आकड्यांनी जे चालतं ते झाडाला चालत नव्हतं. एक जण तर म्हणाला पाळी लावायची, अर्ध्या खाली उभ्या राहतील, आणि बेरीजच मोडून टाकली त्याने.

आता शिकवण्याच्या दृष्टीने हे गणित फसलं म्हणायचं का? आठ जोड्या काढायच्या असतील तर हो, निंबूच बरे, निंबूंना काही म्हणणं नसतं. पण झोक्याच्या गणितात पोरं गोष्टीच्या आत शिरून विचार करत होती की कोणतं उत्तर शक्य आहे आणि कोणतं नाही, आणि सात अधिक दोन नऊ करणारी जी पोरं असतात ती नेमकी हेच करत नसतात. म्हणून मी दोन्ही ठेवते. आधी झोका, मग निंबू.

आता शून्य. सगळे निंबू हिरव्या पिशवीत आणि पिवळी रिकामी, हे चालेल का? पोरांचं ठाम मत असतं की चालणार नाही. "मंग पिवळी पिशवी आनी कशाले?" आणली कशाला मग पिशवी! याला उत्तर नाही माझ्याकडे. मी जबरदस्ती करत नाही. ज्या दिवशी त्यांना स्वतःला शून्याची गरज पडते तोवर मी थांबते, आणि ती गरज पडते, ती कशी ते सांगते.

सुरुवातीला पोरं जोड्या वाटेल तशा सांगतात. ४-३, मग १-६, मग ५-२, मग परत ४-३, आणि परत आलं हे त्यांच्या लक्षातही येत नाही. थोड्या दिवसांनी उलटी जोडी सापडते, ४-३ झालं तर ३-४ पण होईल. यावर पण वाद असतो, हे एकच का वेगळं, आणि पिशव्यांचे रंग वेगळे असल्यामुळे वेगळं ठरतं, दोन्ही पिशव्या पांढऱ्या असत्या तर मी काय केलं असतं देव जाणे. मग एखाद्या दिवशी एखादं पोरगं, बहुतेक वेळा जे फार बोलत नाही ते, हिरव्या पिशवीतलं एक निंबू उचलून पिवळीत टाकतं. परत एक उचलतं, परत पिवळीत. ६-१, ५-२, ४-३. एक इकडे कमी झालं की तिकडे एक जास्त. त्याने नवीन जोडी शोधली नाही, आहे त्याच जोडीतून पुढची काढली, आणि आता त्याला थांबायचं कारणच नाही, ३-४, २-५, १-६, आणि हिरवीत एक उरलाय तो पण उचलायला हात आपोआप जातो. ०-७. "आते पिशवीमा काहीच नही. सरनं." संपलं! शून्य असं आत येतं. आता त्याला कोणी कशाले म्हणून विचारत नाही.

आणि "सरनं" म्हणणं ही साधी गोष्ट नाही हो. उत्तर सापडलं असं म्हणणं वेगळं आणि आता एकही उत्तर शिल्लक नाही असं म्हणणं वेगळं. दुसऱ्याला म्हणतात सिद्धता. सात वर्षांचं पोरगं, पाटीवर वरून खाली ७ ६ ५ ४ ३ २ १ ० आणि शेजारी ० १ २ ३ ४ ५ ६ ७, आणि म्हणतं, याच्या मधे अजून कोणी घुसूच शकत नाही. मी मुद्दाम विचारते, एखादं राहिलं तर नसेल? ते माझ्याकडे असं बघतं की या बाईला नोकरी कोणी दिली.

पाचचे सहा प्रकार, सहाचे सात, सातचे आठ, हे त्यांना मग फटाफट कळतं. दहाचे किती विचारलं की मांडत बसत नाहीत, अकरा म्हणून मोकळे. एक जास्त का येतो विचारलं तर बरीच पोरं खांदे उडवतात, पण एका वर्षी एकीने सांगितलं की हिरवीत सात पण मावतात, सहा पण, एक पण, "आन शून्य बी", म्हणून एक जास्त. पुस्तकात याहून चांगलं कसं लिहितील मला माहीत नाही.

निंबू काही रोज वर्गात नसतात, आणि असले तर सगळे शाबूत राहत नाहीत. रोजच्यासाठी चिंचोके. चिंचोका फोडून त्याच्या दोन डाळी केल्या की एक बाजू तपकिरी, एक पांढरी. कवड्या नसल्या की आमच्या लहानपणी चौकटीच्या खेळात दान टाकायला हेच असायचं, आता मोबाईलमुळे पोरांना ते खेळ माहीत नाहीत पण चिंचोका माहीत आहे. पाच डाळी मुठीत घेऊन टाकायच्या, किती तपकिरी पडल्या, किती पांढऱ्या, लिहायचं. इथे "खरंखरं कितला" ला पण उत्तर आहे, समोर पडलंय ते खरं, आणि परत टाकलं की दुसरं खरं. बेरीज मात्र हलत नाही, पाच ते पाचच. मागच्या पिढीतली आजी लोकं शाळेच्या ओट्यावर येऊन बसतात ना, त्यांना हे बघून फार बरं वाटतं.

यातून एक भलतीच गोष्ट पोरांनी काढली, मी ठरवलेलीच नव्हती. एक जण म्हणाला, मॅडम, तीन-दोन सारखं सारखं येतं, पाच-शून्य येतच नाही, चिंचोके खराब आहेत. खराब नसतात. पाच नाणी उडवली तर पडायच्या ३२ तऱ्हा असतात, त्यातल्या २० मधे तीन-दोन किंवा दोन-तीन पडतं, आणि सगळी एकसारखी पडायच्या फक्त २. चिंचोका म्हणजे काही मापात घडवलेलं नाणं नाही, तो आपल्या मर्जीने पडतो, पण कल तोच राहतो. हे सगळं मी काही पहिलीत सांगत नाही, सांगायची गरजही नाही, त्याला एवढंच म्हटलं की अजून टाकून बघ. पण कागदावर सहा उत्तरं सगळी सारख्या मानाची असतात आणि जमिनीवर ती तशी नसतात, हे त्या पोराला माझ्याआधी दिसलं हे मात्र खरं.

आता लिहिण्याचा भाग, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कोणी विचारलं नाही तरी सांगणार. मी फळ्यावर ७ = ४ + ३ असं लिहिते. सात आधी. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वर्ग हसला, "मॅडमनी उलटं लिखं". कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे पोरांच्या लेखी "आता उत्तर लिही" असा हुकूम, ते कायम शेवटाला असतं आणि त्याच्यापुढे एकच आकडा असतो. ७ = ४ + ३ मधे हुकूम कोणाला द्यायचा? त्या अमेरिकन तक्त्याखालच्या टीपेत हेच म्हटलंय, की अशा गणितांत बेरीज चिन्हाच्या डावीकडे येते, आणि त्यामुळे पोरांना कळायला मदत होते की बरोबर म्हणजे दर वेळी "होतात" असं नसतं, दोन्हीकडे तेवढेच असं असतं. ही काही किरकोळ गोष्ट नाही. तिकडच्याच अभ्यासकांनी मोठ्या मोठ्या पोरांना विचारलं होतं की ८ + ४ = चौकट + ५, चौकटीत काय, तर ढीगभर पोरांनी १२ लिहिलं, काहींनी १७. उत्तर ७ आहे. हे गणित तुम्ही तुमच्या घरी सहावीतल्या पोराला घालून बघा, आणि मग माझ्याकडे या.

म्हणून पहिलीतच ७ = ४ + ३, ७ = ५ + २, आणि मग एक दिवस मधलं सात पुसून टाकायचं, ४ + ३ = ५ + २. वर्गात शांतता. मग कोणीतरी म्हणतं, हो, दोन्ही सातच ना.

एवढा खटाटोप कशाला, सरळ बेरजा घालाव्यात, असं आमच्याच स्टाफमधले म्हणतात. त्यांना मी ८ + ५ दाखवते. ज्या पोराच्या हाताखालून पाच सगळ्या तऱ्हांनी गेलाय त्याला पाचाचे २ आणि ३ करता येतात, दोन आठाला दिले, दहा झाले, वर तीन, तेरा. ज्याच्यासाठी पाच म्हणजे फक्त पाच बोटं, ते नवापासून बोटं मोजायला लागतं, आणि चौथीत पण मोजतं, टेबलाखाली हात लपवून. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला वीस सात म्हणायचा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, टीव्हीवर चर्चा, विनोद, व्हॉट्सअॅपवर तर विचारू नका. मराठीचं काय व्हायचं ते होवो, मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की एवढ्या आरडाओरड्यात २७ म्हणजे २० आणि ७ हे पोराला कळतंय की नाही यावर कोणीच बोलत नाहीये. आणि २७ म्हणजे १० आणि १७ पण, हे तर नाहीच. वजाबाकीत हातचा घेताना नेमकं हेच लागतं.

अडचण पोरांची नसतेच, अडचण आन्सर की ची असते. कुठूनतरी एक वर्कशीट आली होती, चांगली रंगीत, फांदीवर पक्षी, दुसऱ्या फांदीवर पक्षी, एकूण सात, चौकटी रिकाम्या. प्रश्न छानच. आणि मागच्या पानावर उत्तर छापलेलं, ४ आणि ३. तपासणाऱ्याने ५ आणि २ लिहिणाऱ्या पोरीला लाल फुली मारली. ती पोरगी माझ्याकडे आली, रडली वगैरे नाही, सरळ म्हणाली, "माले मोजी दखाडा." मोजून दाखवा. त्या फुलीवर मी पेनने बरोबरची खूण केली, आणि वर जो काही रिपोर्ट गेला तो जाऊ दिला.

बरं, एका गणिताला अनेक उत्तरं ही काही अमेरिकेने शोधलेली गोष्ट नाही. आमच्या तालुक्यातच पाटणादेवी आहे. आमच्या शाळेची सहल दर एक-दोन वर्षांनी तिथेच जाते कारण जवळ पडतं, पोरं धबधबा बघतात, माकडांना चिडवतात. तिथे शके ११२८ चा शिलालेख आहे, भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला, आणि त्यात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. शाळाच ती. शेवटच्या काही ओळी तर जुन्या मराठीत आहेत, मठाला कुठून कुठून उत्पन्न द्यायचं याबद्दल. आठशे वर्षांपूर्वी इथे गणिताच्या शाळेच्या अनुदानाचं बोलणं चाललं होतं, यावर आमच्या स्टाफरूममधे जे विनोद होतात ते इथे लिहित नाही.

तर त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक उदाहरण आहे. ३ द्रम्मांना (द्रम्म म्हणजे तेव्हाचं नाणं) ५ कबुतरं, ५ द्रम्मांना ७ सारस, ७ द्रम्मांना ९ हंस, ९ द्रम्मांना ३ मोर. राजपुत्राच्या करमणुकीसाठी १०० द्रम्मांत १०० पक्षी आणायचे. किती किती? बघा, एकूण दिलंय, भाग सगळेच गायब. तोच "कितला कितला". ५ कबुतरं, ५६ सारस, २७ हंस, १२ मोर घेतले तर पक्षी पण १०० आणि पैसे पण ३ + ४० + २१ + ३६ म्हणजे १००. पण १५ कबुतरं, २८ सारस, ४५ हंस आणि १२ मोर घेतले तरी दोन्हीकडे शंभरच भरतात. आचार्य एका उत्तरावर थांबत नाहीत, आपण जो आकडा धरू त्याप्रमाणे वेगळं उत्तर निघतं असंच त्यांनी दाखवलंय. आता चांगदेवाच्या मठात कोणीतरी विद्यार्थ्याने हे सोडवताना "गुरुजी, पण खरे किती आणले?" विचारलंच असणार, माझी पैज.

त्या पालकांचं राहिलं, "एका पिशवीतले तरी सांगा" वाले. त्यांचा निंबूचाच धंदा आहे, बाजारात बसतात. मी त्यांना विचारलं, गिऱ्हाइकाने शंभरची नोट दिली, सुट्टे मागितले, तुम्ही काय देता? म्हणाले जे गल्ल्यात असेल ते, पन्नासच्या दोन, नाहीतर पन्नासची एक आणि दहाच्या पाच, नाहीतर वीसच्या पाच, त्यात काय. मी म्हटलं गिऱ्हाईक म्हणतं का की खरे सुट्टे सांगा? ते हसले. पण पटलं नाही त्यांना पूर्ण. जाताना म्हणाले, "ते ठीक शे मॅडम, पन परीक्षामा एकच लिखनं पडी ना?" आणि यावर माझ्याकडे तोडगा नाही, परीक्षेत चौकट एकच असते. मी पोरांना सांगते चौकट एक असली तर तुझं आवडतं उत्तर लिही, आणि जागा उरली तर बाजूला बाकीची लिही. काही जण लिहितात. चौकटीच्या बाहेर, उभं, आडवं, पानाच्या कडेने, पेपर तपासताना मला पान फिरवत बसावं लागतं.

यावर्षी दुसरीतली पोरं माझ्याही पुढे गेली. पिवळी आणि हिरवी झाली, आता तीन पिशव्या करा म्हणे. पाच निंबू घेतले असते तर २१ उत्तरं येतात, वर्गात बाजार भरला असता, म्हणून मी तीनच निंबू दिले. लाल पिशवी तिसरी. पहिल्यांदा नुसता गोंधळ, याने सांगितलेलं तो परत सांगतो, नऊ झाली, दहावं कोणतं यावर मारामारी. मग एकीने सगळं पुसलं आणि फक्त लाल पिशवी धरून बसली. लालमधे तीन, मग बाकीच्यांना काहीच नाही, हा एक प्रकार. लालमधे दोन, मग एक निंबू दोन पिशव्यांत, दोन प्रकार. लालमधे एक, तीन प्रकार. लाल रिकामी, चार. तिने ते खाली खाली लिहिलं, १ २ ३ ४, आणि बोटाने बेरीज केली, दहा. मग थोडा वेळ त्या आकड्यांकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, चार निंबू लिधात ते खाले पाच येई का?"

मी तिला अजून एक निंबू दिला.